संघ कोणाचा? मॉन्ट्रियालचे कोच आणि त्यांचे प्रेक्षक

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं होतं, की इतिहासाच्या मालेत खेळ कशाला? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर आजच्या विषयात आहे, म्हणून थेट गोष्टीलाच हात घालतो.

17 डिसेंबर 2011. कॅनडातलं मॉन्ट्रियाल शहर. त्या दिवशी मॉन्ट्रियाल कॅनडियन्स या हॉकी संघानं आपला कोच काढला. हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मैदान आणि ध्यानचंद येतात. तिकडे नुसतं हॉकी म्हटलं की बर्फावरची हॉकी, पायात स्केट्स, आणि चेंडूच्या जागी पक नावाची रबराची चपटी चकती. तर या संघाचे कोच होते जाक मार्तँ. संघ रडतखडत चालला होता. मार्तँ यांचा खेळ बचावाचा आणि कंटाळवाणा, अशी प्रेक्षकांची जुनी तक्रार होती. त्यामुळे ते गेले याचं फारसं कोणाला वाईट वाटलं नाही. हंगामाच्या मध्यात कोच काढणं ही तिकडे नेहमीचीच गोष्ट. संघ हरायला लागला की वीस खेळाडू काढता येत नाहीत, एक माणूस काढता येतो.

पण त्यांच्या जागी आले रँडी कनीवर्थ. मूळचे ऑन्टॅरिओचे, स्वतः बरीच वर्षं खेळलेले, मॉन्ट्रियालच्याच दुय्यम संघाचे आदल्या वर्षीचे कोच. माणूस कामाचा. फक्त त्यांना फ्रेंच येत नव्हतं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की मी शिकायचा प्रयत्न करीन. पण वादळ उठायचं ते उठलंच. क्युबेक प्रांताच्या सांस्कृतिक मंत्री क्रिस्तीन सँ-पिएर यांनी नाराजी बोलून दाखवली. फ्रेंच वर्तमानपत्रांत आणि रेडिओवर दिवसेंदिवस दुसरा विषय नव्हता. 7 जानेवारी 2012 ला सामन्याच्या आधी बेल सेंटर या स्टेडियमबाहेर थंडीत काही शे लोक निदर्शनाला उभे राहिले.

आता बाहेरच्या माणसाला यात हसू येईल. टोरोंटोच्या इंग्रजी वर्तमानपत्रांना आलंच. कोचनं व्याकरण शिकवायचंय की खेळ? पकला कुठं भाषा कळते? हा आक्षेप वरवर इतका बिनतोड आहे, की त्याला उत्तर द्यायचं तर शंभर वर्षं मागं जावं लागतं.

संघ स्थापन झाला डिसेंबर 1909 मध्ये. स्थापन करणारा अ‍ॅम्ब्रोज ओब्रायन हा फ्रेंच नव्हता. तो होता ऑन्टॅरिओतला पैसेवाला माणूस. त्याचा हिशेब साधा होता. मॉन्ट्रियालमध्ये इंग्रजी भाषकांचा वाँडरर्स नावाचा संघ होता. फ्रेंच भाषकांचा स्वतःचा संघ असेल तर चुरस लागेल आणि तिकिटं खपतील. संघाचं नावच ‘कॅनडियन्स’ ठेवलं. त्या काळी क्युबेकमधले फ्रेंच भाषक स्वतःपुरताच हा शब्द वापरत. इंग्रजी बोलणारे ते ‘इंग्रज’, आपण तेवढे ‘कानाद्यँ’. फ्रेंच खेळाडूंवर पहिला हक्क या संघाचा, असाही ठराव झाला होता. म्हणजे अस्मिता आधी आणि धंदा नंतर असं झालेलं नाही. दोन्ही एकाच दिवशी जन्मलेली जुळी भावंडं आहेत. पुढच्या भांडणात ही गोष्ट दोन्ही बाजू विसरतात.

आणि या फ्रेंच भाषकांची स्थिती काय होती? आपल्याच प्रांतात ते बहुसंख्य, सुमारे 80 टक्के. पण कारखान्याचा मालक इंग्रजी बोलणारा, बँकेचा साहेब इंग्रजी बोलणारा, मोठ्या दुकानातली विक्रेती मुलगीसुद्धा इंग्रजीतच बोलणार. 1963 मध्ये केंद्र सरकारनं द्विभाषिकतेवर एक आयोग नेमला. त्यानं उत्पन्नाचे आकडे काढले, तेव्हा क्युबेकमध्येच फ्रेंच वंशाचे पुरुष कमाईच्या यादीत अगदी तळाशी निघाले. त्यांच्या खाली फक्त इटालियन स्थलांतरित आणि मूळ आदिवासी. अशा समाजाला शनिवारी रात्री बर्फावर एक जागा मिळत होती, जिथं आपला माणूस पहिला येत होता. त्या माणसाचं नाव मॉरिस रिशार.

13 मार्च 1955 ला बॉस्टनमधल्या सामन्यात रिशारच्या डोक्याला काठी लागली, मारामारी झाली, आणि त्या भरात त्यानं एका पंचाला ठोसे मारले. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी त्याला उरलेला हंगाम आणि प्लेऑफचे सगळे सामने बंदी घातली. गुन्हा होता, शिक्षाही समजण्यासारखी होती. पण शिक्षा देणारा इंग्रजी साहेब आणि भोगणारा फ्रेंच मजुराचा मुलगा. या दोघांचं आधीही वाजलं होतं. रिशार एका साप्ताहिकात स्तंभ लिहायचा. त्यात त्यानं कॅम्पबेलना हुकूमशहा म्हटलं, तर त्याला माफी मागायला लावून हजार डॉलरची अनामत भरून घेतली होती. 17 मार्चला कॅम्पबेल स्वतः फोरम या स्टेडियममध्ये सामना बघायला आले. का आले, देव जाणे. लोकांनी टोमॅटो, अंडी, हातात येईल ते फेकलं. मग अश्रुधुराची नळकांडी फुटली. डेट्रॉइट 4-1 नं पुढं होतं, सामना तिथंच थांबवून त्यांना बहाल केला. लोक बाहेर आले आणि सेंट कॅथरीन रस्त्यावरच्या काचा रात्रभर फुटत राहिल्या. दुसऱ्या दिवशी रिशारनं रेडिओवर फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीतही शांततेचं आवाहन केलं, तेव्हा शहर निवळलं.

या दंगलीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. त्यानंतर काय झालं हे कमी सांगितलं जातं, आणि आपल्या विषयाला तेच महत्त्वाचं आहे. संघाचा कारभार बघणारे फ्रँक सेल्की यांच्या मते कोच डिक आयर्विन हे रिशारच्या रागात तेल ओतत होते. आयर्विन 1940 पासून कोच होते, तीनदा स्टॅन्ली कप जिंकला होता. ते गेले शिकागोला. त्यांच्या जागी आले टो ब्लेक. रिशारचे जुने सहखेळाडू, वडील इंग्रजी भाषक, आई फ्रेंच भाषक, दोन्ही भाषा अस्खलित. दंगलीनंतर तीन महिन्यांच्या आत संघानं असा माणूस नेमला, की जो रिशारला त्याच्या भाषेत ‘शांत हो’ म्हणू शकेल. ब्लेकनी 13 हंगामांत 8 वेळा कप जिंकला, त्यातले पहिले 5 ओळीनं. भाषा आली म्हणून जिंकले असं मी म्हणत नाही, त्यांच्याकडं खेळाडूच तसे होते. पण मॉन्ट्रियालच्या प्रेक्षकांच्या मनात कोच म्हणजे काय, याचं माप ब्लेकनी घालून दिलं.

त्या मापात जो पहिला बसला नाही त्याची कथा मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते.

1970 मध्ये संघ प्लेऑफलाही पोचला नव्हता, बावीस वर्षांत प्रथमच. डिसेंबरात कोच क्लोद रुएल यांनी राजीनामा दिला आणि त्यांचे सहायक अ‍ॅल मॅकनील आले. नोव्हा स्कोशियाचे, इंग्रजी भाषक, फ्रेंच येत नाही. आता वेळ बघा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्युबेकच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या एका गटानं ब्रिटिश व्यापारी अधिकारी जेम्स क्रॉस यांना पळवलं होतं. प्रांताचे मंत्री पिएर लापोर्त यांचा खून झाला होता. मॉन्ट्रियालच्या रस्त्यांवर लष्कर होतं. क्रॉस सुटले 3 डिसेंबरला. अशा महिन्यात या गृहस्थांनी कोचची जागा घेतली.

आणि काम चोख केलं. फक्त सहा लीग सामने खेळलेल्या केन ड्रायडन या नवख्या गोलरक्षकाला त्यांनी प्लेऑफमध्ये उभं केलं, आणि बलाढ्य बॉस्टनला हरवलं. अंतिम फेरीत गाठ शिकागोशी. पाचव्या सामन्यात त्यांनी आँरी रिशारला, म्हणजे मॉरिसच्या धाकट्या भावाला, बराच वेळ बाकावर बसवलं. सामना हरले. आँरीनं पत्रकारांसमोर सांगून टाकलं की या माणसाला कोचिंग कळत नाही. झालं! एका खेळाडूची चिडचिड होती, तिचं रातोरात फ्रेंचविरुद्ध इंग्रजी झालं. मॅकनील यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. पुढच्या सामन्याला त्यांच्यासाठी पहारा ठेवावा लागला. सातवा सामना 18 मे 1971 ला शिकागोत झाला. शिकागो 2-0 नं पुढं. मग 2-2 ची बरोबरी करणारा गोल आणि 3-2 चा विजयी गोल, दोन्ही आँरी रिशारचे. मॅकनील यांनी त्याला खेळवलं म्हणूनच ना? पण हे कोण ऐकणार.

कप जिंकलेल्या कोचला काही आठवड्यांत हलवलं. मॅकनील यांची रवानगी झाली हॅलिफॅक्सला, दुय्यम संघाकडे. जागी आले स्कॉटी बोमन. मॉन्ट्रियाललगतच्या व्हर्दनमध्ये वाढलेले, आडनाव इंग्रजी, पण फ्रेंच येत होतं. प्रेक्षकांना तेवढं पुरलं. बोमननी पुढं पाच कप जिंकले, त्यामुळे मॅकनीलवर अन्याय झाला की काय, हा प्रश्न विचारायला कोणी शिल्लक राहिलं नाही. माझ्या मते झाला, आणि चांगलाच झाला. भाषेची मागणी न्याय्य असू शकते आणि तरीही ती एखाद्या सज्जन माणसाच्या अंगावर कोसळू शकते. मॅकनीलनी हॅलिफॅक्सला तीनदा त्यांच्या लीगचा कप जिंकला.

त्यानंतर चाळीस वर्षं फ्रेंच न येणारा कोच मॉन्ट्रियालनं नेमला नाही. लक्षात घ्या, जन्मानं फ्रेंच हवा अशी अट नव्हती. बॉब गेनी ऑन्टॅरिओचा, 1973 मध्ये आला, फ्रेंच शिकला, कप्तान झाला, पुढं व्यवस्थापक आणि काही काळ कोचही झाला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. आणि एक मजेची, खरं तर चटका लावणारी गोष्ट. 1993 चा स्टॅन्ली कप, संघाचा आजवरचा शेवटचा, जिंकला तेव्हा कोच होते जाक देमेर. 2005 मध्ये त्यांनी जाहीर केलं की मला जवळजवळ लिहितावाचता येत नाही. आयुष्यभर त्यांनी हे लपवलं होतं. वाचता न येणारा कोच चालला, कारण तो दोन्ही भाषांत लोकांशी मनमोकळं बोलत होता.

मग 2011 मध्ये एवढा राग का? मला वाटतं, उत्तर खेळाडू भरतीच्या पद्धतीत आहे. पूर्वी क्युबेकमधली गुणी पोरं लहानपणीच कॅनडियन्सच्या पंखाखाली यायची. 1963 पासून लीगनं खेळाडू वाटून घ्यायची पद्धत सुरू केली. क्युबेकच्या दोन मुलांवर पहिला हक्क काही वर्षं राहिला, 1969 नंतर तोही गेला. पुढं स्वीडन, रशिया, अमेरिका, सगळीकडून खेळाडू येऊ लागले. 2011 च्या संघात फ्रेंच भाषक उरले दोन-चार. मे 2021 मध्ये तर एका सामन्यात क्युबेकचा एकही खेळाडू बर्फावर उतरला नाही, इतिहासात पहिल्यांदा. म्हणजे संघात ‘आपलं’ म्हणावं असं काय राहिलं? जर्सी आणि कोचचा आवाज. कोच रोज पत्रकारांशी बोलतो. रात्री टॅक्सीवाला, हॉटेलातला आचारी, शाळामास्तर त्याचंच बोलणं ऐकतो. तो आवाजही दुभाष्यामार्फत येणार असेल, तर मग तिकीट काढून आपण नेमकं कोणाला बघायला जातो, हा प्रश्न त्यांना पडला. मला तो खुळा वाटत नाही.

अर्थात सगळे फ्रेंच प्रेक्षक एकमुखी होते असं समजू नका. काही शे लोक बाहेर उभे होते तेव्हा आत 21,273 खुर्च्यांचं स्टेडियम नेहमीसारखं भरत होतं. ‘आम्हाला कप द्या, मग कोच चिनी बोलला तरी चालेल’ असं म्हणणारेही खूप होते.

व्यवस्थापनानं मात्र घोळ घातला. मालक जॉफ मोल्सन यांनी दोन-तीन दिवसांतच पत्रक काढलं, की कायमचा कोच निवडताना दोन्ही भाषा येणं ही महत्त्वाची बाब राहील. नव्या वर्षाच्या आरंभी व्यवस्थापक पिएर गोतिए यांनी, लोक दुखावले असतील तर क्षमा मागतो, असं सांगितलं. प्रेक्षकांना दिलासा मिळाला, पण कनीवर्थ यांचं काय झालं? खेळाडूंना कळलं की हा माणूस एप्रिलपर्यंतचा पाहुणा आहे. पाहुण्याचा दरारा कितीसा असणार! संघ आपल्या गटात पंधरापैकी पंधरावा आला. गोतिए मार्चअखेर गेले, कनीवर्थ हंगामानंतर. जूनमध्ये मिशेल तेरियँ आले, फ्रेंच भाषक, याच संघाचे एकदा काढलेले कोच. म्हणजे निवडीचं वर्तुळ किती लहान होतं ते बघा. लीगमध्ये तीस संघ, त्यातल्या एकालाच ही अट.

फेब्रुवारी 2022 मध्ये संघ पुन्हा तळाला होता. तेव्हा मार्तँ सँ-लुई यांना नेमलं. खेळाडू म्हणून थोर, पण लीगमध्ये कोचिंगचा अनुभव शून्य, आधी स्वतःच्या मुलांच्या वयोगटाचे संघ शिकवत होते. कनीवर्थकडे अनुभव होता आणि भाषा नव्हती, इथं उलट. ते लव्हालचे, म्हणजे मॉन्ट्रियालच्या नदीपलीकडचे. या वेळी स्टेडियमबाहेर कोणी उभं राहिलं नाही.

वेळ संपत आली आहे. क्युबेकच्या 1977 च्या भाषा कायद्याबद्दल बोलायचं राहिलं, ते प्रश्नोत्तरांत घेऊ. कोणाला विचारायचं असेल तर माइक तिकडे आहे.