१८ मिनिटांत कोसळलं, अडीच तास अडकलं

रविवार, २० सप्टेंबर २०१५. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमधला डायनॅमोडीबी हा डेटाबेस उत्तर व्हर्जिनियात कोलमडला. खालच्या वेळा कंपनीने नंतर स्वतः जाहीर केलेल्या अहवालातल्या आहेत, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे. सिअ‍ॅटलमध्ये मध्यरात्र उलटून गेली होती. आपल्याकडे दुपारचे पावणेतीन वाजले होते, गणेशोत्सवाचा चौथा दिवस.

डिसेंबर २०१३ पासून

घटनेची सुरुवात त्या रात्री झाली नाही. डायनॅमोडीबीत एका टेबलाचे अनेक तुकडे होतात, त्यांना पार्टिशन म्हणतात. हे तुकडे अनेक स्टोरेज सर्व्हरांवर वाटलेले असतात आणि कोणाकडे कोणते तुकडे, याची यादी मेटाडेटा सर्व्हिस नावाची आतली यंत्रणा सांभाळते. प्रत्येक स्टोरेज सर्व्हर ठरावीक काळाने तिला विचारतो, माझ्या वाट्याची यादी अजून तीच आहे ना? वेळेत उत्तर आलं तर काम चालू राहतं. नाही आलं तर तो पुन्हा विचारतो आणि तोवर ग्राहकांच्या रिक्वेस्ट घेणं थांबवतो. खबरदारी रास्तच आहे. जुन्या यादीच्या भरवशावर चुकीचं उत्तर देण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

डिसेंबर २०१३मध्ये ग्लोबल सेकंडरी इंडेक्सची सोय आली. टेबल ग्राहक क्रमांकाने लावलेलं असलं तरी आता शहराने किंवा तारखेने शोधता येऊ लागलं. अवाढव्य टेबलं असलेल्यांनी ती सोय उचलून धरली. पण प्रत्येक इंडेक्सचेही स्वतःचे तुकडे असतात, म्हणून याद्या लांबत गेल्या. लांब यादी गोळा करून पाठवायला वेळ जास्त लागतो, आणि उत्तराची मुदत मात्र जुनीच राहिली. काही याद्या मुदतीच्या अगदी काठावर येऊन ठेपल्या होत्या. हे कुणाला दिसलं नाही, कारण यादीच्या आकारावर पुरेशी बारीक नजर नव्हती. सेकंदाला किती रिक्वेस्ट येतात ते सगळेच मोजतात. एकेक रिक्वेस्ट किती जड झालीय, ते मोजायचं राहून जातं.

रात्री २:१९

नेटवर्क थोडा वेळ अडखळलं. काही स्टोरेज सर्व्हरांचा संपर्क तुटला आणि पुन्हा जुळला. एरवी अशी गोष्ट कुणाच्या लक्षातही येत नाही.

२:१९ ते २:३७

संपर्क परत आल्यावर त्या सर्व्हरांनी नियमाप्रमाणे यादी मागितली, आणि सगळ्यांनी एकदमच मागितली. एकेकटी येणारी जड रिक्वेस्ट मुदतीत कशीबशी बसत होती. दहा जणांच्या एकत्र आल्यावर प्रत्येकीचा वेळ वाढला आणि काही मुदतीबाहेर गेल्या. ज्यांना उत्तर मिळालं नाही, त्या सर्व्हरांनी स्वतःला बाद केलं आणि पुन्हा मागणी पाठवली.

इथे थोडं गणित करून पाहू. आकडे डायनॅमोडीबीचे नाहीत, समजण्यापुरते घेतलेले. समजा, एक सर्व्हर सेकंदाला १,००० रिक्वेस्ट निकालात काढतो आणि येतात १,२००. दर सेकंदाला २०० मागे पडतात. पाच सेकंदांनी रांगेत १,००० साचलेल्या असतात, म्हणजे नव्याने येणाऱ्याला एक सेकंद थांबावं लागतं. मागणाऱ्याचा टाइमआउट नेमका एक सेकंदाचा असेल, तर यापुढची प्रत्येक रिक्वेस्ट वेळ टळून गेल्यावर पूर्ण होणार. सर्व्हर १०० टक्के कामात असतो, सीपीयूचा आलेख छताला लागलेला असतो आणि उपयोगी काम जवळजवळ शून्य. मागणारा तोवर निघून गेलेला असतो. म्हणजे निघून गेलेलाही नसतो, तीच मागणी घेऊन तो रांगेच्या शेवटी पुन्हा उभा असतो. येणारा लोड १,२०० वर थांबत नाही.

व्हर्जिनियात पुढे जे झालं ते याहून वाईट होतं. नेटवर्कच्या अडखळण्याशी काडीचा संबंध नसलेले, धडधाकट सर्व्हर आपल्या नेहमीच्या वेळापत्रकाने यादी तपासायला आले आणि त्याच गर्दीत सापडले. त्यांनाही वेळेत उत्तर मिळेना, तेही बाद झाले, तेही रिट्राय करू लागले. काहींना यादी मिळायची, ते कामाला लागायचे आणि पुढच्या तपासणीला पुन्हा आपटायचे.

२:३७

ग्राहकांच्या सुमारे ५५ टक्के रिक्वेस्ट फेल होत होत्या. त्याआधीच्या तीन वर्षांत असा आकडा कधी दिसला नव्हता. अ‍ॅमेझॉनच्याच इतर सेवा डायनॅमोडीबीवर उभ्या असल्याने त्याही गळपटल्या. त्यांत लोड वाढला की नवे सर्व्हर उभे करणारी ऑटो स्केलिंग होती, आलेख दाखवणारी क्लाउडवॉच होती. मेसेजच्या रांगा सांभाळणारी एसक्यूएससुद्धा होती, कारण आपल्या रांगांची माहिती ती डायनॅमोडीबीतच ठेवत असे.

२:३७ ते ५:०६

नेटवर्क तोवर ठणठणीत होतं. ठिणगी कधीच विझली होती आणि आग आपल्याच धगीवर चालू होती. अशा अवस्थेला २०२१मध्ये नेथन ब्रॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका शोधनिबंधात ‘मेटास्टेबल फेल्युअर’ असं नाव दिलं. मूळ कारण दूर केल्यावरही बिघाड जात नाही, कारण रिट्राय त्याला खतपाणी घालत राहतात.

इंजिनिअरांनी जे कुणीही करेल तेच केलं. मेटाडेटा सर्व्हिसला आणखी सर्व्हर जोडायचे ठरवलं. पण सर्व्हर जोडण्याची आज्ञाही त्याच सर्व्हिसने स्वीकारायची होती आणि ती इतकी दबली होती की प्रशासकीय रिक्वेस्टही पार पडेनात. अँब्युलन्स त्याच ट्रॅफिकमध्ये अडकलेली होती. प्रयत्न झाले, फसले, पुन्हा झाले. माझ्या मते त्या रात्रीचा खरा घात या अडीच तासांत आहे. कोसळण्याला अठरा मिनिटं लागली. गर्दी कमी केल्याशिवाय मदत आत शिरणार नाही, हे मान्य करायला अडीच तास गेले.

रांगेशी आपलं वागणं मुळातच उलटं असतं. क्यू फुल झाल्याची तक्रार लॉगमध्ये दिसली की पहिला हात जातो तो त्याची लांबी वाढवायच्या सेटिंगकडे. हजाराची दहा हजार केली की एरर थांबतात आणि डॅशबोर्ड हिरवा होतो. एरर थांबतात कारण नकार देणं बंद झालेलं असतं, कामाचा वेग तेवढाच राहतो. ज्याला एका क्षणात ‘आत्ता नाही’ कळलं असतं, तो आता दहा सेकंद ताटकळतो आणि मग तेच ऐकतो. क्षणिक लोंढा पचवण्यापुरती रांग हवीच. रोजची तूट झाकायला ती लांबवली, तर तिच्यात शिळं काम साचतं.

शिळं काम फेकून देण्याची व्यवस्था चांगल्या डेटाबेसात असते. कॅसँड्रात एखादी रिक्वेस्ट रांगेत ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त थांबली, म्हणजे नेहमीच्या सेटिंगनुसार वाचायची पाच सेकंद आणि लिहायची दोन सेकंद, तर नोड ती हाती न घेताच टाकून देतो आणि टाकल्याची नोंद ठेवतो. ‘नोडटूल टीपीस्टॅट्स’ ही आज्ञा दिली की खाली ड्रॉप झालेल्यांचा तक्ता दिसतो. त्यात आकडे चढायला लागले की पुष्कळ जण टाइमआउट वाढवतात. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यातला हा प्रकार आहे.

२०१५मध्येच फेसबुकच्या बेन मॉरर यांनी त्यांच्याकडचा रांगेचा नियम प्रसिद्ध केला. मूळ कल्पना कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांची, नेटवर्कच्या राउटरांसाठी २०१२मध्ये मांडलेली. गेल्या १०० मिलिसेकंदांत रांग एकदाही रिकामी झाली नसेल, तर नव्या रिक्वेस्टला थांबायला फक्त ५ मिलिसेकंद द्यायचे. एरवी १००. रांग किती लांब आहे हे नियम विचारतच नाही, ती किती वेळ तुंबलेली आहे एवढंच पाहतो. जोडीला आणखी एक युक्ती, ऐकायला अन्यायाची: गर्दी झाली की शेवटी आलेल्याला आधी घ्यायचं. बँकेच्या काउंटरवर असं केलं तर हाणामारी होईल. सर्व्हरवर मात्र तेच शहाणपणाचं, कारण आधी आलेला बहुधा वाट पाहून गेलेला असतो आणि नुकता आलेला अजून उत्तराच्या प्रतीक्षेत असतो.

पहाटे ५:०६

अखेर दार बंद करण्याचा निर्णय झाला. मेटाडेटा सर्व्हिसकडे जाणाऱ्या रिक्वेस्ट थांबवल्या. अर्ध्याहून जास्त रिक्वेस्ट फेल होत असताना उरलेल्यांचाही रस्ता अडवायचा, याला छाती लागते. रिट्रायचा मारा ओसरला, प्रशासकीय आज्ञा आत जाऊ लागल्या आणि भरपूर नवे सर्व्हर जोडता आले. मग रिक्वेस्ट पुन्हा सुरू केल्या आणि स्टोरेज सर्व्हर कामावर परत आणले.

सकाळी ७:१०

एररचं प्रमाण बहुतेकांचं काम चालेल इतकं खाली आलं.

त्यानंतर

अ‍ॅमेझॉनने जाहीर केलेले उपाय साधे आहेत. मेटाडेटा सर्व्हिसची क्षमता वाढवली, यादीच्या आकारावर काटेकोर नजर बसवली. स्टोरेज सर्व्हरांनी यादी विचारण्याचा वेग कमी केला आणि उत्तराची मुदत वाढवली. यातले शेवटचे दोन एकत्रच करायचे असतात. नुसती मुदत वाढवली असती, तर तीच रांग अधिक लांब झाली असती. पुढचा बेत एका मेटाडेटा सर्व्हिसच्या जागी अनेक उभ्या करायचा होता, म्हणजे एक तुंबली तरी सगळा ताफा बसणार नाही.

२०२२मध्ये डायनॅमोडीबीच्या चमूने एक शोधनिबंध लिहिला. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. जुन्या रचनेत रिक्वेस्ट योग्य सर्व्हरकडे पाठवणाऱ्या राउटरांपाशी, कोणता तुकडा कुठे आहे याच्या नकाशाची कॅश असायची आणि सुमारे ९९.७५ टक्के वेळा उत्तर तिथेच मिळायचं. वाचणाऱ्याला हे छान वाटेल. चमूला वाटली भीती. कॅश एका दमात रिकामी झाली, तर मागच्या यंत्रणेवर सगळा लोंढा येणार. म्हणून नव्या रचनेत कॅशमध्ये उत्तर सापडलं तरी राउटर मागच्या यंत्रणेला विचारतोच. ती कायम पूर्ण लोड झेलत असते, त्यामुळे वाईट दिवशी तिला नवं काहीच झेलावं लागत नाही. वरवर पाहता ही उधळपट्टी आहे.

२० ऑक्टोबर २०२५

तोच व्हर्जिनिया. डीएनएसच्या स्वयंचलित यंत्रणेतल्या दोषामुळे आदल्या रात्री ११:४८ला डायनॅमोडीबीचा पत्ताच पुसला गेला. पहाटे २:२५पर्यंत तो परत आला, म्हणजे मूळ बिघाड संपला. पण नवे सर्व्हर देणाऱ्या ईसी२ सेवेत प्रत्यक्ष यंत्रांशी ठरावीक मुदतीचे करार करणारी एक यंत्रणा आहे. डायनॅमोडीबी बंद असताना ते करार संपत गेले होते आणि आता सगळे एकदम नव्याने करायचे होते. यंत्रं इतकी होती की करार पूर्ण होण्याआधीच त्याची मुदत टळायची आणि तेच काम पुन्हा रांगेत लागायचं. या प्रसंगासाठी ठरलेली कार्यपद्धती नव्हती, असं कंपनीनेच नोंदवलं आहे.

पहाटे ४:१४ला इंजिनिअरांनी येणारं काम रोखलं आणि करार करणाऱ्या त्या यंत्रणेचे निवडक सर्व्हर रीस्टार्ट केले. रीस्टार्टने रांगा पुसल्या गेल्या. ५:२८ला सगळे करार पूर्ण झाले. नवे सर्व्हर सुरू होऊ लागले, पण त्यांना नेटवर्कची माहिती पोहोचवणाऱ्या यंत्रणेकडे तुंबलेल्या कामांचा ढीग होता. ६:२१ला तिचा उशीर वाढू लागला आणि तो निवळायला सकाळचे १०:३६ वाजले.