जबलपूरची वाट

अमरावतीच्या कठोरा नाक्याकडे विदर्भ महाविद्यालय आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय जवळजवळ आहेत. माझ्या आजोबांना मात्र तेवढे अंतर जन्मात ओलांडता आले नाही.

विदर्भ महाविद्यालय म्हणजे १९२३ चे किंग एडवर्ड कॉलेज. आजोबा तेथून १९४९ साली इंटर सायन्स झाले. यंत्रांची त्यांना भारी ओढ, आणि वऱ्हाडात यंत्रे काही थोडी नव्हती! कापसामागे रेल्वे आली, जिन-प्रेस आले. मूर्तिजापुराहून यवतमाळ-अचलपूरला जाणाऱ्या आमच्या शकुंतलेला मँचेस्टरला १९२१ साली घडवलेले इंजिन होते. ते १९९४ पर्यंत राबले. कापूस विलायतेस जाई, यंत्र विलायतेहून येई. ते घडवण्याची विद्या तेवढी कोणी आणली नाही.

पुण्याचे कॉलेज १८५४ चे, पण ते मुंबई इलाख्यात. आमचा प्रांत मध्यप्रांत-वऱ्हाड. राजधानी नागपूर, आणि सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ साली निघाले जबलपूरला! आजोबांनी नाव काढताच पणजोबा म्हणाले, "नर्मदेवर लोकं हाडं घेऊन जातेत बापू, पोट्टे नाही." खरी अडचण पैशांची होती. शेत गहाण पडलेले. आजोबा जिनात फिटर झाले.

१९५६ साली प्रांत मोडला. वऱ्हाड मुंबई राज्यात आले, जबलपूर मध्यप्रदेशात राहिले. आपले म्हणून दाखवायचे ते दूरचे कॉलेजही परराज्यात गेले. राज्यपुनर्रचनेच्या इतिहासात या गोष्टीला कोणी ओळभर जागा देत नाही. पुढे १९६० साली नागपूरचे निघाले आणि १९६४ साली अमरावतीचे. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, आणि १९९८ पासून वेगळा झालेला वाशीम, या जिल्ह्यांतल्या पोरांना सरकारी कॉलेज एका एस.टी.च्या अंतरावर आले. आजोबा तेव्हा चौतिशीचे. इमारत उठताना ते सायकलने जाऊन पाहत, आणि घरी येऊन एक अक्षर बोलत नसत.

मी स्वतः मॅट्रिकपाशीच थांबलो, तेव्हा कोणाला नावे ठेवू? पण गेल्या साली आमच्या शाळेतली एक मुलगी तिथे लागली. बाप जिनात हमाल. प्रवेशाच्या दिवशी मी सोबत गेलो, परतताना तिला जुन्या कॉलेजावरून चालवत आणले. घरी येऊन आजोबांची पान्यांची पेटी उघडली. इंटरचे सर्टिफिकेट तळाशी होते, चार घड्यांचे, वंगणाने पिवळे झालेले.