वारणेच्या वरच्या अंगाला

पहाटेचे सव्वापाच. शिराळ्याच्या स्टँडवर चहाचं पहिलं आधण नुकतं उतरलंय आणि तुम्ही कप हातात धरून चांदोलीकडच्या गाडीची वाट बघताय. बाहेरचे लोक नुसतं शिराळा म्हणतात, जुनी माणसं 'बत्तीस शिराळा'. नागपंचमीनं हे नाव लांबवर गेलं. काही वर्षांपूर्वीच्या श्रावणात आला असता, तर याच रस्त्यावरून जिवंत नागांची मिरवणूक बघितली असतीत. उच्च न्यायालयाच्या आदेशानं ती थांबली. पण आज तुम्हाला जायचंय वारणेकडं, तिच्या वरच्या अंगाला. या नदीची एक खोड आहे. तिच्या काठानं वर चढावं तसा काळ मागं सरतो.

गाडी सुटते. दोन्ही बाजूंना ऊस. बिळाशीजवळ तुमचा डोळा लागतो आणि जाग येते ती 1930 च्या पावसाळ्यात. अंगावर भुरभुर पाऊस, पायाखाली चिखल, आणि पुढून दहा-बारा गडी सागाचं एक सरळसोट झाड खांद्यावर पेलत येताहेत. सरकारी जंगलातलं झाड परवानगीवाचून तोडायचं नाही, हा कायदा. मिठाचा कायदा मोडायला इथं समुद्र नाही, म्हणून जंगलाचा मोडायचा. महादेवाच्या देवळापुढं तो सोट उभा राहतो, वर तिरंगा चढतो. पोलीस तो उतरवायला येतात तेव्हा बाया भोवती कडं करून उभ्या असतात. तुम्हीही नकळत त्या कड्यात शिरता. शेजारची म्हातारी दंड घट्ट धरून म्हणते, "हलू नगंस लेका." पुढं गोळीबार झाला, माणसं गेली. हे बिळाशीचं बंड. जंगल कुणाचं, हा या खोऱ्यातला जुना प्रश्न. तो मनाशी ठेवा, पुढं लागणार आहे.

कोकरूड, मग आरळा. खोरं अरुंद होत जातं, ऊस मागं पडतो, भाताची खाचरं लागतात. वारणावतीला पोचलात की समोर मातीचं अजस्र धरण उभं. आत 34.40 टीएमसी पाणी. या जलाशयाचं नाव वसंतसागर. खाली दिसलेला उसाचा हिरवा पट्टा याच पाण्यावरचा. वनखात्याची परवानगी काढा, गाडी आणि गाईड घ्या, प्लॅस्टिक चौकीवरच ठेवा. पावसाळ्यात हा दरवाजा बंद असतो. दिवाळीनंतर आलात ते बरं केलंत.

आता तुम्ही चांदोलीत आहात. 1985 साली हे अभयारण्य झालं, 2004 साली राष्ट्रीय उद्यान, 2010 साली कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, आणि 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा. क्षेत्र सुमारे 317 चौरस किलोमीटर. पण कागद खिशात ठेवा आणि मान वर करा. अंजनी आणि जांभळीच्या शेंड्यातून शेकरू झेपावतंय, मागं तांबूस शेपटीचा झुबका. रस्त्यावर गव्याचं ताजं शेण, अजून वाफ निघतेय. गाईड ओठावर बोट ठेवतो.

गाडी जनीच्या आंब्यापाशी थांबते. तुम्ही खाली उतरता आणि एक गोष्ट खटकते. एवढ्या घनदाट रानात आंबा, आणि त्याला बाईचं नाव? रान झाडांना अशी नावं देत नाही. नावं माणसं देतात.

झोळंबीच्या विठलाईपुढं हात जोडून डोळे मिटा. उघडाल तेव्हा साल 1975 च्या आसपास असेल.

देवळापुढच्या उतारावर गवती छपराची घरं. एका ओट्यावर बाई जात्यावर नाचणी दळतेय, पीठ विटकरी पडतंय. भिंतीला इरलं टेकवून ठेवलंय, बांबूच्या कामट्यांचं, पानांनी शाकारलेलं. पावसात ते पाठीवर घेऊन वाकायचं आणि चिखलात भाताची रोपं लावायची. दोन्ही हात मोकळे राहतात, छत्रीला हे जमत नाही. खाचराच्या कडेला राब भाजल्याचा काळा चौकोन. चुलीजवळ बसलेला आजा तुम्हाला विचारतो, "कुठलं पाव्हणं?" तुम्ही गाव सांगता. "लांब आलासा की. बसा, भाकरी खाऊन जावा." ताटात नाचणीची भाकरी आणि मिरचीचा खर्डा. बाजाराला डोंगर उतरून चालत जायचं, आजाऱ्याला डालग्यात घालून न्यायचं. हे रमणीय नाही, कष्टाचं आहे. तरी आजा एकेका झाडाकडं बोट दाखवून ते कुणाच्या वाटणीचं आहे ते सांगतो. त्याच्या लेखी हे जंगल नाहीच. त्याच्या लेखी ही परडी आहेत.

डोळे मिचकावता आणि घरं जातात. जोत्याचे दगड उरतात, त्यांवर शेवाळ. झोळंबी, रुंदिव, निवळे, ढाकाळे, तनाळी, गोठणे, सोनार्ली. धरण झालं, अभयारण्य झालं, आणि ही गावं खाली सपाटीला गेली, जिथला पाऊस वेगळा आणि माती वेगळी. वसाहत, पाणी आणि पर्यायी जमिनीसाठी माणसांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. इकडं भाताच्या खाचरांत गवत माजलं. त्या गवतावर गवे आले, सांबरं आली. तुम्ही आता लपणगृहाच्या फटीतून जे हिरवं माळरान बघताय, जिथं गव्यांचा कळप पांढऱ्या मोज्यांच्या पायांनी सावकाश चरतोय, ते कुणाचं तरी शेत आहे. बांध अजून दिसतात.

झोळंबीच्या सड्यावर या. गाडीची वाट संपते, काळाची संपत नाही. सह्याद्रीच्या ऐन धारेवर, पश्चिमेला प्रचितगड आहे आणि त्याच्या पायथ्याशी कोकणातलं शृंगारपूर. 1661 साली शिवाजी महाराजांनी ते तिथल्या सुर्व्यांकडून घेतलं. सड्याच्या काळ्या कातळावर तळवा टेका. हा मूळचा लाव्हारस, साडेसहा कोटी वर्षांमागचा. दुपारच्या उन्हानं तो असा तापलाय, जणू अजून पुरता निवलेलाच नाही.

परतताना धुळीत गाईड थांबतो आणि काठीनं एक ठसा दाखवतो. मोठा, गोल, नखांची खूण नाही. अण्णाभाऊ साठ्यांनी कादंबरीला 'वारणेचा वाघ' हे नाव दिलं ते माणसाबद्दल. खरा वाघ मात्र या खोऱ्यात वर्षानुवर्षं दिसेनासा झाला होता. 2018 साली तो कॅमेऱ्यात आला, डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा आला, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोबाची एक वाघीण चांदोलीत आणून सोडली. ती चालतेय ती वाट कधीकाळी बाजाराची असेल.

संध्याकाळी शिराळ्याच्या स्टँडवर कुणी विचारेल, वाघ दिसला का. दिसला नसेल तर हिरमुसू नका. झोळंबी बघितली म्हणून सांगा, रुंदिव बघितलं, सोनार्ली बघितली म्हणून सांगा. वाघाला जागा कुणी करून दिली, ते या नावांत आहे. आणि पुढच्या खेपेला जनीच्या आंब्याखाली बसाल तेव्हा चपला बाहेर काढून बसा. कुणाच्या तरी अंगणात आलाय तुम्ही.