भरमारीचं कूळ

तळेगाव (श्यामजी पंत) सोडून अमरावतीच्या रस्त्याला लागलं की तिवस्याच्या आधी वर्धा नदीचा पूल येतो. आज त्या पुलावर जिल्हा बदलतो. १७ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांशी देवगावचा तह झाला आणि तिथे राज्य बदलू लागलं. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी नदीच्या पश्चिमेचा बहुतेक मुलूख गमावला, तो निजामाकडे गेला, आणि आष्टी-आर्वीचा हा पट्टा नागपूरच्या राज्याची कड झाला. तहाच्या अठरा दिवस आधी अडगावच्या मैदानात आणि दोनच दिवस आधी गाविलगडावर भोसल्यांचा पराभव झाला होता. फौज मोडते तेव्हा शिपाई पांगतात आणि त्यांच्याबरोबर बंदुकाही पांगतात. त्यात पुढची पंधरा वर्षं पेंढाऱ्यांच्या धाडींची. कडेवरच्या गावाला बंदूक बाळगणं भागच होतं.

म्हणून या भागातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावरून बंदुकीची गंजलेली नळी किंवा सुटा घोडा खाली आला, तर तो भंगारवाल्याला देण्याआधी जरा थांबावं असं मला कळकळीने वाटतं. विदर्भात अशा जुन्या बंदुकीला भरमार म्हणतात, कोकणात ठासणीची बंदूक. तोंडातून दारू भरायची, गोळी सोडायची, गजाने ठासायची. हे तीनशे-साडेतीनशे वर्षं बदललं नाही. बदलत गेली ती एकच गोष्ट: आतल्या दारूपर्यंत आग कशी पोहोचवायची. भरमारीचं सगळं कूळ त्या एका प्रश्नाभोवती वाढलं आहे, आणि सुटा भाग ओळखायचा तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

नळीच्या बुडाशी, बहुधा उजव्या अंगाला, एक बारीक भोक असतं. तो बंदुकीचा कान. तोफेलाही असतो. माघार घेताना तोफांच्या कानात मेखा मारल्याचे उल्लेख इतिहासात वाचायला मिळतात, ते यामुळेच. कान बुजला की कितीही मोठी तोफ निकामी. बंदुकीच्या कानाबाहेर छोटासा पेला असतो, त्यात रंजक म्हणजे बारीक दारू. रंजक पेटली की ज्वाला कानातून आत शिरते आणि बार उडतो.

सर्वात जुनी शाखा तोडेदार बंदुकीची. तोडा म्हणजे सोऱ्यात भिजवून वाळवलेली, धुमसत राहणारी दोरी. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतला तेव्हा आदिलशाहीचे बंदूक घडवणारे कारागीर त्याच्या हाती आले. तीनच वर्षांनी त्याने पोर्तुगालच्या राजाला कळवलं, की गोव्याचे कारागीर बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका घडवतात. बोहेमिया तेव्हा युरोपात या कामासाठी नावाजलेला होता. बंदुकीची कल्पना समुद्रावरून आली असेल, पण हात इथलेच होते, आणि फार लवकर तयार झाले होते.

देशी तोडेदाराच्या खुणा पक्क्या आहेत. तिचा पेला नळीलाच घडवून जोडलेला असतो, वेगळ्या पट्टीवर नसतो. तोडा धरणारा दुबेळका चिमटा कुंद्याच्या, म्हणजे बंदुकीच्या लाकडी अंगाच्या, मधल्या फटीतून वर डोकावतो आणि चाप ओढला की पेल्यावर झुकतो. कुंद्याच्या दोन्ही अंगांना लांब लोखंडी पट्ट्या असतात. नळी लाकडाला तारेच्या वेढ्यांनी, कातड्याच्या वादीने किंवा धातूच्या कड्यांनी बांधलेली असते. त्यामुळे नळीच्या पोटाखाली हात फिरवून पाहावा. पोट साफ असेल तर नळी देशी असण्याची शक्यता मोठी. तिथे भोकं पाडलेले छोटे लोखंडी तुकडे झाळलेले असतील, तर ती विलायती पद्धतीची: त्या भोकांतून खिळे घालून नळी लाकडात बसवत. अनेक तोडेदारांना साखळीने एक बारीक सळई अडकवलेली असते, कान मोकळा करायला. सुटी सापडली तर लोक तिला दागिन्याचा तुकडा समजतात.

नळीच्या पृष्ठभागाकडे तिरक्या उजेडात बघावं. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलने नळी घडवण्याची रीत लिहून ठेवली आहे: पूर्वी लोखंडाचा पत्रा लांबीने वळवून कडा जोडत, अकबराच्या कारखान्यात तो तिरका गुंडाळून घडीवर घडी येईल असा घडवू लागले. लांबीचा सांधा बाराच्या दाबाने फाटू शकतो, तिरक्या वेटोळ्याला तो धोका कमी. चांगल्या देशी नळीवर या तिरक्या रेषा पुसटशा दिसतात, आणि पोलादी पट्ट्यांची असेल तर लाटांसारखी नक्षीही दिसते. कुणी हौसेने सॅंडपेपर मारला की हे सगळं गेलं. अशा घासून चकचकीत केलेल्या नळ्या पाहिल्या की जीव कळवळतो.

फ्रान्समध्ये १६१० च्या सुमारास चकमकीच्या बंदुकीचं पक्कं रूप ठरलं. घोड्याच्या जबड्यात गार, म्हणजे चकमकीचा दगड, धरायची, ती पेल्यावरच्या पोलादी झाकणावर आपटायची, ठिणगी रंजकेत. पावसात आणि अंधारात तोड्यापेक्षा ही कितीतरी सोयीची, कारण धुमसती दोरी शिपायाची जागा दाखवते. तरी आपल्याकडे तोडेदार एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. त्याला मागासलेपणा म्हणणं मला पटत नाही. चकमकीला मजबूत कमानी लागतात, झाकणाला योग्य पाणी दिलेलं पोलाद लागतं, आणि गार थोड्याच बारांत बोथट होते. तोडेदार गावचा लोहार दुरुस्त करू शकत होता. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढलेल्या अप्पासाहेब भोसल्यांच्या अरबांची मदार तोडेदारावर होती, आणि त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कवायती पलटणींना चांगलंच झुंजवलं.

चकमकीच्या बंदुका मराठ्यांना अनोळखी नव्हत्या. महादजी शिंद्यांच्या आग्र्याच्या कारखान्यात सॅंगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस त्या घडवून घेई, आणि एकेक बंदूक दहा रुपयांत पडे असं नोंदलेलं आहे. गाविलगड पडला तेव्हा किल्ल्यात इंग्रजी बनावटीच्या बंदुकाही सापडल्या. त्यामुळे वर्धेच्या काठावर विलायती घोडा सापडला म्हणून तो गोऱ्या शिपायाचाच, असा निष्कर्ष काढू नये.

घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसतो, ती पट्टी म्हणजे जन्मदाखला. ईस्ट इंडिया कंपनीच्या पट्टीवर चार भागांत विभागलेलं हृदय कोरलेलं असतं, त्यात कंपनीची अक्षरं आणि माथ्यावर इंग्रजी चारच्या आकड्यासारखी खूण. जोडीला बहुधा कारागिराचं नाव आणि साल. १८०८ च्या सुमारास हृदय गेलं आणि मागच्या पायांवर उभा राहून मुकुट धरलेला सिंह आला. म्हणजे हृदय असेल तर पट्टी भोसल्यांच्या तहाच्या आसपासची किंवा त्याआधीची, सिंह असेल तर नंतरची. कंपनीच्या बंदुकीची नळी ३९ इंचांची, तोंडाचा व्यास पाऊण इंच. फ्रान्सशी युद्ध पेटलं तेव्हा ब्रिटिश सरकारला बंदुका कमी पडल्या. त्याने १७९० च्या दशकात कंपनीचा साठा उचलला आणि तोच नमुना आपल्या फौजेसाठी कायम केला. हिंदुस्थानसाठी ठरवलेली बंदूक १८१५ मध्ये वॉटर्लूच्या रणात इंग्रजांच्या हाती होती.

देशी नकलाही पुष्कळ झाल्या. त्या ओळखायला पट्टी उलटी करून पाहावी. विलायती कामात स्क्रूचे आटे एकसारखे, कमान सफाईदार. नकलेत प्रत्येक स्क्रू वेगळा, आटे हाताने पाडलेले, आणि बाहेरची इंग्रजी अक्षरं कधी उलटी, कधी निरर्थक. अक्षर न शिकलेल्या हाताने पाहून काढलेली ती अक्षरं माझ्या लेखी खोटेपणाची खूण नाहीत. आतली यंत्रणा त्याच हाताने समजून घेऊन चालती केली होती.

तिसरी शाखा टोपीची. स्कॉटलंडमधल्या फोर्साइथ या शिकारीच्या शौकीन पाद्र्याला एक अडचण होती: पेल्यातली रंजक भडकताच पक्षी सावध होऊन उडत. १८०७ मध्ये त्याने ठोक्याने पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं. पुढे ते रसायन तांब्याच्या टोपीत आलं, आणि १८४० च्या दशकात फौजांनी ती स्वीकारली. आता पेला नको, गार नको, झाकण नको. कानाच्या जागी पोकळ निपल, त्यावर टोपी, वरून घोड्याचा ठोका.

जुन्या बंदुका मात्र कुणी फेकल्या नाहीत, त्या बदलून घेतल्या. म्हणून टोपीच्या बंदुकीची पट्टी बारकाईने पाहावी. पट्टीवर बुजवलेली, कशालाच न लागणारी भोकं दिसली, पेल्याच्या जागी पितळेचा तुकडा भरलेला दिसला, तर ती मुळात चकमकीची. नळीच्या अंगाला छोटा पिंपासारखा गोळा पिळून बसवलेला असेल आणि त्यावर निपल असेल, तर जुन्या कानाचंच भोक मोठं केलेलं आहे. देशी तोडेदार नळीचा पेला कापून तिला टोपीचा घोडा जोडल्याचे नमुनेही आहेत. अशा बंदुकीचं वय विचारलं तर एक आकडा सांगता येत नाही. नळी अठराव्या शतकातली, पट्टी १८२० ची आणि कुंदा आजोबांच्या काळात गावच्या सुताराने बसवलेला, असं सहज असू शकतं.

१८५७ नंतर सरकारने शस्त्रं गोळा केली आणि १८७८ च्या कायद्याने परवाना आला. रायफली आणि काडतुसं पुढे गेली, भरमार शेतात राहिली. मीर कासिमने १७६० च्या दशकात मुंगेरला राजधानी हलवून बंदुकांचा कारखाना घातला होता. त्या गावाची परंपरा टिकली आणि विसाव्या शतकातही तिथून टोपीच्या भरमारी देशभर जात राहिल्या. परवान्यावर त्यांची नोंद ‘एसबीएमएल’ किंवा ‘डीबीएमएल’, म्हणजे एकनळी आणि दुनळी. तळेगाव-कारंज्याच्या संत्र्याच्या बागा आणि तुरीची शेतं रानडुकरांनी आणि रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, कशी तुडवली जातात हे ज्याने पाहिलंय, त्याला पीकरक्षणासाठी असा परवाना का मागितला जाई हे सांगायला नको.

नळी सापडली तर ती भरलेली आहे असंच धरून चालावं. जुनी दारू शंभर वर्षांनीही पेटू शकते. विस्तवापासून दूर ठेवून एक बारीक लाकडी काठी तोंडातून अलगद आत सोडावी, ठोकू नये, आणि ती किती आत गेली ते नळीच्या बाहेरून कानापर्यंतच्या लांबीशी ताडून पाहावं. काठी बोटभर आधीच अडली तर आत बार असू शकतो. पुढे हात न लावता पोलिसांना कळवावं. कायद्याचंही भान हवं: दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या शस्त्राला १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे, पण चालू शकणारी भरमार कितीही जुनी असली तरी परवान्याखालीच येते.

मग घासायचं नाही, फक्त तेलाचा हलका हात. प्रत्येक खुणेचा फोटो काढावा, पट्टीच्या आतल्या बाजूचाही. तुलनेसाठी नागपूरचा अजब बंगला आहे, १८६३ पासूनचा, तिथे जुनी शस्त्रं पाहता येतात. आणि घरातल्या ट्रंकेत परवान्याचं जुनं पुस्तक आहे का ते शोधावं. त्यात बंदुकीचा प्रकार, क्रमांक आणि नूतनीकरणाच्या तारखा असतात, आणि बंदूक कुणाकडून कुणाच्या नावावर गेली तेही कळतं. नळीवर ठोकलेला क्रमांक त्या पानावरच्या क्रमांकाशी जुळला, तर निदान शेवटच्या शंभर वर्षांबद्दल अंदाज बांधावा लागत नाही.