राबाचा वाद

शास्त्र म्हणजे जें ग्रंथांत लिहिलेलें आहे तें, अशी आम्हां इंग्रजी विद्या शिकलेल्या लोकांची एक समजूत होऊन बसली आहे. जें ज्ञान ग्रंथांत नाहीं, पण पिढ्यान्‌पिढ्या हातांत आहे, त्यास आम्ही फार तर वहिवाट म्हणतों. आणि कारण विचारल्यावर शेतकऱ्यास तें सांगतां आलें नाहीं, म्हणजे त्या वहिवाटीस अडाणीपणा ठरवून मोकळे होतों. हा न्याय कितपत बरोबर आहे हें तपासण्यास कोंकणांतील राबाच्या वादाइतकें चांगलें उदाहरण आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं.

राब म्हणजे काय, हें देशावरील वाचकांस थोडें सांगितलें पाहिजे. ठाणें, कुलाबा (हल्लींचा रायगड) व घाटमाथ्याकडील मावळ या भागांत ज्या लहान तुकड्यांत भाताचीं रोपें करावयाचीं, तो उन्हाळ्यांत भाजून काढतात. साधारणतः दहा गुंठे लावणीस एक गुंठा जमीन या कामीं पुरते. तीवर प्रथम शेणाचा थर, त्यावर झाडांचे वाळलेले टहाळ, त्यावर गवत व पालापाचोळा, आणि सर्वांवर बारीक मातीचें पातळ पांघरूण घालतात. मग वारा ज्या बाजूस वाहत जातो त्या टोंकाकडून विस्तव लावतात. आग वाऱ्याच्या विरुद्ध सरकत असल्यामुळें भडकत नाहीं. राब धुमसत धुमसत जळतो. रोहिणी-मृगाचा पाऊस आला कीं त्या भाजलेल्या मातींत बीं पडतें, आणि तीनचार आठवड्यांनीं रोपें उपटून खाचरांत लावतात. डोंगरउतारावरील झाडोरा साफ करून व जाळून त्यावर नाचणी-वरी पेरण्याची जी दळीची पद्धत, तिच्याहून ही अगदीं निराळी आहे.

या एका गुंठ्यासाठीं शेतकऱ्यास सबंध उन्हाळाभर खपावें लागे. टहाळ तोडावयाचे, वाळवावयाचे, डोक्यावरून वाहून आणावयाचे, राब रचावयाचा आणि पावसापूर्वीं भाजावयाचा, असा त्याचा क्रम ठरलेला असे. भातखाचराच्या जोडीला वरकस जमीन असे, आणि तिच्यावरील गवत व झाडोरा हाच खाचराचा आधार होता. झाड बुंध्यांतून तोडावयाचें नाहीं, फांद्या छाटावयाच्या, आणि तें पुन्हां फुटण्यास त्याला अवधि द्यावयाचा, अशी या व्यवस्थेची मूळ कल्पना होती. खाचर आणि डोंगर हीं दोन निराळीं खातीं आहेत, असें त्या शेतकऱ्यास कधीं वाटलेंच नाहीं.

सरकारास मात्र तसें वाटलें. १८७८ चा जंगलाचा कायदा झाला, राखीव जंगलांच्या हद्दी पडल्या, आणि काल जो टहाळ हक्काचा होता तो आज गुन्ह्याचा विषय झाला. जोतीराव फुले यांनीं १८८३ मध्यें लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकांत जंगलखात्याविषयींची कडवट तक्रार आहे, ती याच काळांतील होय. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला कीं, १८८५ मध्यें मुंबई सरकारास चौकशीकरितां कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ मध्यें बाहेर पडला. राबाचा टहाळ हा त्या चौकशींतील एक मुख्य प्रश्न होता.

अधिकाऱ्यांचा पक्ष अगदींच पोकळ होता असें आम्ही म्हणणार नाहीं. वर्षानुवर्षें छाटून झाडांचे नुसते खांब झालेले कोणासही दिसत होते. शिवाय शेण व पाला जाळला म्हणजे त्यांतील नत्र वायुरूपानें उडून जातो, हें रसायनशास्त्राचें म्हणणेंही खरेंच. तेंच शेण न जाळतां खत म्हणून घालावें, हा उपदेश त्यामुळें तर्कशुद्ध दिसे. परंतु डोंगर बोडके होण्यास राब एकटाच कारण नव्हता. १८५३ मध्यें मुंबईहून ठाण्यास आगगाडी सुरू झाली, पुढें दहा वर्षांत ती बोरघाट चढून गेली. तिला लांकूड लागे. वाढत्या मुंबईच्या चुलींस सरपण व कोळसा लागे. हा माल मक्तेदारांनीं पुरविला, आणि उधळपट्टीचा दोष कुणब्या-ठाकरांच्या कोयत्यावर आला.

इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ डॉ. व्होल्कर हे १८८९ च्या अखेरीस या देशांत आले, आणि १८९३ मध्यें त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदी शेतकरी अडाणी आहे या समजुतीस त्यांनीं स्पष्ट विरोध केला, आणि जंगलखात्यानें शेतीच्या गरजा अधिक पाहाव्या असें बजाविलें. परंतु राबानें नेमकें काय होतें, याचा उलगडा व्हावयास आणखी अवकाश होता. १९०९ मध्यें इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथें रसेल व हचिन्सन यांनीं दाखविलें कीं, माती नुसती तापविली तरी तिच्यांतील पिकास घेतां येईल असा नत्र वाढतो व पीक सुधारतें. त्यांनीं दिलेल्या कारणमीमांसेंत पुढें फेरफार झाला, पण मूळ निरीक्षण कायम राहिलें. १९१२ मध्यें पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरोल्ड मान यांनीं जोशी व कानिटकर यांच्यासह राबावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. जी पद्धत दंडास पात्र ठरली होती, ती आतां प्रयोगशाळेच्या विचारास पात्र झाली.

आतां राबाच्या रचनेकडे पुन्हां पाहावें. राखेपासून पालाश मिळतें हें खरें, आणि मातीच्या थरानें ती राख वाऱ्यावर उडत नाहीं हेंही खरें. पण नुसती राखच हवी असती तर वाऱ्याच्या विरुद्ध टोंकाकडून विस्तव लावण्याचें कारण काय? जाळ मंद राहावा, आंच खालीं जमिनींत मुरावी, तणाचें बीं व किडीचीं अंडीं मरावीं, हेंच त्याचें कारण होय. मृगाच्या धारेंत रोपांच्या वाफ्याची खुरपणी होत नाहीं. म्हणून ती वैशाखांतच विस्तवाकडून करून घेतलेली असे. शेतकऱ्यास नत्राचें नांव ठाऊक नव्हतें. मात्र आंच हवी, आणि ती मंद हवी, हें त्यास पक्कें ठाऊक होतें.

यावरून जुनें तें सर्व सोनें, असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. माणसें वाढलीं, डोंगर आटले, धुरानें नवे प्रश्न उभे केले; राब आज पूर्वींसारखा चालावा असा आमचा आग्रह नाहीं. अलीकडील चारसूत्री भातलागवडींत रोपवाटिकेंत भाताच्या तुसाची काळी राख मिसळण्यास आणि बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला खाचरांत घालण्यास सांगतात. राख आणि पाला यांचें महत्त्व त्यांतही मान्य केलेलें आहे. फक्त टहाळाचें ओझें डोंगरावरून बांधावर आलें. जुन्या विद्येची सुधारणा व्हावी ती अशी.

पण सुधारणा करावयाची तर मूळ विद्या आधीं समजून घेतली पाहिजे, आणि ती समजून घेण्यास माणसें उरलीं पाहिजेत. मुंबईच्या आसपासच्या तालुक्यांत वरकस जमिनी तुकड्यातुकड्यांनीं विकल्या जाऊन त्यांवर बंगले उठत आहेत. कोणत्या झाडाचा टहाळ कोणत्या महिन्यांत तोडावा, किती राखावा, राब केव्हां पुरा भाजला म्हणावें, हें जाणणारीं म्हातारीं माणसें अजून त्या गांवांत आहेत. त्यांस कारणें विचारूं नयेत. कृति विचारावी, आणि ती जशीच्या तशी लिहून घ्यावी. कारणें शोधणें हें आमचें काम आहे. तें आम्हीं पूर्वीं केलें नाहीं, आणि आमच्या आळसाचा दंड मात्र त्यांनीं भरला.