तिजोरीची किल्ली



गावची जत्रा पार पडली, की दोन-चार दिवसांनी मंडळी देवळाच्या ओसरीवर बसतात. वर्गणी किती जमली, पालखीला काय लागलं, कुस्त्यांच्या इनामाला किती गेले, हे पंच वाचून दाखवतात. एखादा म्हातारा मधेच विचारतो, "मांडवाला एवढं कसं लागलं?" आणि पंचांना उत्तर द्यावंच लागतं. ज्यानं वर्गणी दिली, त्याला विचारायचा हक्क आहे. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आता मोठ्या वर्गणीकडं पाहू. मार्गासनीच्या दुकानात साबणाची वडी घेतली, तरी तिच्या किमतीत कर असतो. त्यातला वाटा दिल्लीच्या तिजोरीत जातो. त्याच तिजोरीतून सैन्य, टपाल, रेल्वे, नसरापूरजवळून जाणारा हमरस्ता, या सगळ्यांचा खर्च चालतो. या तिजोरीची किल्ली कुणाच्या हाती? ती लोकांच्या हाती कशी आली, त्याची ही हकिगत. आणि ती सांगायला मीठ फार सोयीचं आहे.

आपला राजगड-तोरण्याचा मुलूख १९४८ पर्यंत भोर संस्थानात होता, पंतसचिवांच्या अंमलाखाली. पण मीठ कोकणातून घाट चढून यायचं आणि इंग्रज सरकारचा कर त्यावर आगरातच बसलेला असायचा. १८८८ पासून हा कर मणाला अडीच रुपये होता. श्रीमंताला त्याची झळ नाही. ज्याच्या भाकरीला मिठाखेरीज कोरड्यास नाही, त्याला मात्र ती चांगलीच लागे.

१९०२ सालच्या मार्च महिन्यात गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदे मंडळात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. शिलकी अंदाजपत्रकाबद्दल सरकार समाधानात होतं. गोखल्यांनी आकडे मांडून विचारलं, की रयत दुष्काळानं आणि प्लेगनं गांजलेली असताना तिजोरीत शिल्लक उरते, ती भरभराटीची खूण की जादा कराची? मिठावरचा कर कमी करा, असा त्यांचा आग्रह होता.

भाषण गाजलं. पण पुढं काय झालं? काही नाही. कारण १८९२ च्या कायद्यानं सभासदांना अंदाजपत्रकावर बोलायची मुभा होती, मत द्यायची नव्हती. जत्रेच्या बैठकीत म्हाताऱ्यानं हिशेब विचारावा आणि पंचांनी चोपडी मिटून घरी जावं, तशातला प्रकार. १९०३ साली कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक रुपया. गोखल्यांचा शब्द वाया गेला नाही हे खरं. पण कर उतरला तो सरकारच्या मर्जीनं. आणि मर्जीनं उतरलेला कर मर्जीनं चढतोही.

तसंच झालं. १९१९ च्या कायद्यानं काही खर्चांवर मत देण्याचा हक्क मध्यवर्ती विधिमंडळाला मिळाला. सैन्याचा खर्च, कर्जाचं व्याज असल्या मोठ्या बाबी मात्र मताबाहेर ठेवल्या. १९२३ साली सरकारनं मिठाचा कर सव्वा रुपयावरून दुप्पट केला. सभेनं तो साफ नाकारला. तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात तो लागू केला. मत मिळालं होतं, किल्ली नव्हती! हा कर शेवटी १९४७ साली रद्द झाला.

किल्ली हाती आली ती २६ जानेवारी १९५० ला, राज्यघटनेबरोबर. कायद्याच्या आधारावाचून कर बसवायचा नाही आणि कायद्यावाचून तिजोरीतून पैसा काढायचा नाही, अशी दुहेरी कडी तिनं घातली. भोरहून वरंध घाट उतरला की महाड लागतं. तिथून जवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे लवकरच अर्थमंत्री झाले. १९५२ साली सर्व प्रौढांच्या मतांनी निवडलेल्या पहिल्या लोकसभेपुढं त्यांनीच अंदाजपत्रक मांडलं.

हे काम कसं चालतं? अर्थमंत्री वर्षाचं अंदाजपत्रक मांडतात. २०१७ पासून त्याचा दिवस १ फेब्रुवारी आहे. आधी सर्वसाधारण चर्चा होते. मग प्रत्येक खात्याच्या मागण्या खासदारांच्या समित्या तपासतात. ही पद्धत १९९३ ची. नंतर त्या मागण्या लोकसभेत मताला येतात. तिथं सभासद कपात सूचना देऊ शकतो. मागणी १०० रुपयांनी कमी करा, असं तो म्हणतो. कोट्यवधींच्या मागणीत १०० रुपये ते काय? पण तेवढ्या निमित्तानं गाऱ्हाणं सभागृहात मांडता येतं. धोरणच मान्य नसेल, तर मागणी १ रुपयावर आणा, असं म्हणता येतं.

मागण्या मंजूर झाल्या, की विनियोजन विधेयक येतं. तिजोरीचं कुलूप उघडतं ते यानं. करांसाठी वित्त विधेयक वेगळं असतं. राज्यसभा १४ दिवसांत शिफारशी करू शकते, अडवू शकत नाही. शेवटी राष्ट्रपतींची संमती. १ एप्रिलच्या आत हे सारं उरकलं नाही, तर थोड्या काळापुरतं लेखानुदान घेतात. खर्च झाल्यावर महालेखापरीक्षक हिशेब तपासतात आणि लोकलेखा समिती जाब विचारते.

व्यवस्था चोख आहे. पण एक गोष्ट मनाला लागते. चर्चेचे दिवस संपले, की उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात. याला गिलोटिन म्हणतात. २०१८ आणि २०२३ साली तर सभागृहातल्या गोंधळात एकाही खात्यावर चर्चा न होता सगळ्या मागण्या मंजूर झाल्या. गोखल्यांपाशी प्रश्न होते, मत नव्हतं. आज मत आहे. प्रश्न राहून जातात. किल्ली हातात असून पेटी न बघताच उघडली, तर ती असून काय उपयोग?

शिक्षक बंधु-भगिनींनो, एखाद्या शनिवारी वर्गात हा खेळ करून पाहा. एकाला अर्थमंत्री करा, शाळेच्या खर्चाच्या मागण्या मांडा, मुलांना १०० रुपयांच्या कपात सूचना देऊ द्या. आणि गावकरी मंडळींनो, ग्रामसभेत अंदाजपत्रक निघेल, तेव्हा जत्रेच्या बैठकीतल्या त्या म्हाताऱ्याची आठवण ठेवा. विचारायची सवय ओसरीवर लागली, तरच ती दिल्लीपर्यंत पोचते.