रविवार, संध्याकाळी ६:५२

डोंबिवलीतली तीन मजली सोसायटी, इमारतीचं वय ३४ वर्षं. रविवारी संध्याकाळी ६:५२ ला दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या छताचा तुकडा कोसळला आणि ७४ वर्षांच्या आजींचा उजवा खांदा मोडला. त्याआधी तो दिवस असा गेला.

सकाळी ६:१०. रात्री दहाला गळतीखाली ठेवलेल्या बादलीत ३ लिटर पाणी. सेकंदाला साधारण दोन थेंब. सुनेने बादली ओतली, परत ठेवली. ओलीचे डाग दिसू नयेत म्हणून मार्चमध्ये छताला पीव्हीसीचे पॅनेल लावून घेतले होते. त्यामागे काय चाललंय, तेही दिसेनासं झालं.

८:२०. सून वर गेली. "काकू, पुन्हा गळतंय हो." काकूंनी बाथरूमचं दार उघडलं. "बघ ना, आमच्याकडे सगळं कोरडं आहे." त्या खोटं बोलत नव्हत्या. नहाणी ट्रॅप आणि पाइप यांचा सांधा सुटला की पाणी लादीखालच्या विटांच्या भरावात मुरतं, तिथून स्लॅबमध्ये उतरतं. वरच्यांच्या पायाला ते लागतही नाही. अशा भांडणात बहुतेक वेळा दोन्ही घरं खरंच बोलत असतात.

९:१५. प्लंबरचा फोन. "आज नाही जमणार, उद्या सकाळी येतो. तोवर वरच्यांना पाणी वापरू नका म्हणावं." एव्हाना वर पुण्याचे पाहुणे आले होते, चार माणसं. सुनेला निरोप द्यायला संकोच वाटला. तो मला समजतो. पाहुण्यांसमोर शेजाऱ्याच्या दारात तक्रार घेऊन कोण जाईल?

१०:४०. सेक्रेटरींनी उपविधी सांगितला : संडास-बाथरूमची आतली गळती सभासदाच्या खर्चाने, गच्ची आणि बाहेरच्या भिंती सोसायटीच्या. बरोबरच होतं. सोमवारी पत्र काढू म्हणाले. आज नळ कोणी बंद करायचा, हे कोणी विचारलं नाही.

दुपारी १:३०. ठिबकणं थांबलं. वरची मंडळी जेवायला बाहेर गेली होती. खाली सगळ्यांना हायसं वाटलं.

४:५०. पुन्हा थेंब. आता पाणी तांबूस. बादलीच्या तळाशी वाळूसारखा चुरा आणि कडेला चिकटलेला नखाएवढा गंजाचा पापुद्रा. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. सळई फुगते, काँक्रीटला रेटते आणि स्लॅबचा खालचा थर सुटतो. बादलीत पडत होती ती सळईच. दिवसभरात इतकी स्पष्ट सूचना दुसरी मिळाली नाही. सुनेने मुलाला बोलावून दाखवलं. "टाकीतला गाळ असेल," तो म्हणाला. बादली विसळून पुन्हा जागेवर ठेवली गेली. त्या क्षणी बाथरूमला बाहेरून कडी घालायला हवी होती.

६:२०. निघण्याआधी वर पाहुण्यांच्या एकामागून एक आंघोळी.

६:४८. देवापुढे दिवा लावायचा म्हणून आजी पाय धुवायला गेल्या.

६:५२. पॅनेल, गिलावा, स्लॅबचा खालचा थर.

७:०४. काकूंनी वरच्या बाथरूमचा कॉक बंद केला. तो हाताने फिरतो, पाना लागत नाही.